एकोणतीस

आठवडाभर आधी बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून
एक कुलूप आणलं, सरावाला.
आकड्यांचं, किल्ली नसलेलं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघं:
उजवीकडे तीन फेरे, पहिल्या आकड्यावर थांब.
डावीकडे एक, तो ओलांडून दुसऱ्यावर.
पुन्हा उजवीकडे, आता सरळ तिसऱ्यावर.
"प्रदक्षिणा घालतो ना, तशी," बाबा म्हणाले,
आणि डावा फेरा आल्यावर
त्यांचा दृष्टान्त अडकला.
आई फोडणीपाशी उभी राहून हसली.

शाळेने पत्रातून पाठवलेले माझे आकडे:
एकोणतीस, पाच, सदतीस.
कोणालाही सांगू नये, असं खाली ठळक छापलेलं.
मी ते मराठीत पाठ केले.
इथल्या चोराला आधी
सदतीस म्हणजे किती, ते विचारावं लागेल.
मलाही कधी कधी लागतं.

ऑगस्टचा शेवटचा मंगळवार, डुलूथ.
सरोवरावरचं धुकं टेकडी चढून
शाळेच्या पार्किंगपर्यंत आलेलं.
खाली कुठेतरी जहाजाने भोंगा दिला,
पुलाने त्याला उत्तर दिलं.
मला वाटलं, शाळेची घंटाच.

आयला कोस्केला, आठवीतली, पिवळा टीशर्ट,
आमच्या पुढे उलटी चालत होती, बोलत बोलत.
हे जिम. हे कॅफेटेरिया, गुरुवारी रांग मोठी.
या नळाचं पाणी गार, त्या नळाचं पिऊ नका.
वादळ आलं तर या भिंतीपाशी बसायचं,
भिंतीकडे तोंड, डोक्यावर हात.
हे सांगतानाही ती उलटीच चालत होती,
एकदाही धडकली नाही.

मग खोली एकशे चौदा, लुंडीन सर.
दाराला एक उभी, अरुंद काच.
जमिनीवर निळी चिकटपट्टी,
कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी.
"या पट्टीच्या आत बसलात
की दारातून दिसत नाही," सर म्हणाले,
कचऱ्याचा डबा कुठे आहे ते सांगावं, तसं.
आम्ही बसलो. तीस जण, एका कोपऱ्यात.
कोणाच्या तरी पोटात गुरगुरलं, कोणी हसलं नाही.
सरांनी दिवे घालवले, बाहेर गेले,
वाकून काचेतून पाहिलं.
अर्धा चष्मा, एक डोळा.
"एक बूट दिसतोय."
माझा होता.
आयलाने दप्तराचा पट्टा धरून
मला आत ओढलं, काही न बोलता,
आणि तिचा हात जरा वेळ पट्ट्यावरच राहिला.

दिवे लागले. सगळ्यांना एकेक सफरचंद मिळालं.

लॉकरपाशी मी पहिल्यांदा तिसावरच थांबले.
कुलूप ढिम्म.
पुन्हा सुरुवातीपासून. या वेळी शब्द सावकाश म्हटला,
तोंडातल्या तोंडात, एक, ऊण, तीस.
तीस येईल, तिथे थांबायचं नाही,
त्यातला एक वजा व्हायचाय अजून.
खट्.
आत जुना च्युइंगम, गंजाचा वास,
आणि कुणीतरी पेनने काढलेला मासा.
शेजारचा मुलगा आपल्या लॉकरला लाथा घालत होता,
त्याचे दोन्ही भाऊ याच शाळेत शिकलेले.
मी म्हटलं, उजवीकडे, तीनदा.
त्याला कळलं. बहुधा माझ्या हातावरून.

संध्याकाळी आईने विचारलं, काय काय दाखवलं?
मी सांगितलं: गार पाण्याचा नळ,
सफरचंद, मासा,
उलटी चालणारी आयला.
बाबांनी विचारलं, उघडलं का?
उघडलं. दुसऱ्यांदा.
ते इतके खूश झाले
की सरावाचं कुलूप त्यांनी उगाचच
पुन्हा एकदा उघडून दाखवलं.

रात्री पाणी प्यायला उठले.
आमच्या दारालाही काच आहे,
हे तोवर लक्षात आलं नव्हतं.
अंधारात मी मोजून पाहिलं.
फ्रिज आणि तांदळाच्या पोत्यामध्ये
एक जागा आहे, तिथलं दारातून दिसत नाही.
तिघं मावू.
बाबांनी पाय जवळ घेतले तर.